हात-मूळ

डिझाइन विभागाच्या नव्या हेडनं स्क्रीनवर बोट टेकवलं तेव्हा त्याला आधी राग आला तो काचेवर उमटलेल्या ठशाचा. ती काय म्हणाली ते मागाहून डोक्यात शिरलं. "हा हात बदलायचा," ती म्हणाली होती. "क्लायंटला तरुण हात हवाय. सगळ्या पॅकवर." मग, त्याला जरा बरं वाटावं म्हणून असेल, ती पुढे म्हणाली, "तुमच्यामुळे सोपं झालंय. लिंक आहे ना सगळीकडे? एका मिनिटाचं काम."

खरं होतं ते. एका मिनिटाचंच काम होतं आणि ते तसं व्हावं म्हणून त्यानंच किती महिने घालवले होते. साबणाची वडी, भांडी घासायचा द्रव, फरशी पुसायचं औषध, कपड्यांची पावडर. क्लायंटच्या प्रत्येक खोक्यावर आणि बाटलीवर एक हात होता, तळवा वर करून वस्तू अलगद पेलणारा. पूर्वी प्रत्येक फाईलमध्ये तो हात वेगवेगळा चिकटवलेला असायचा, कुठे पिवळट, कुठे गुलाबी, एका खोक्यावर तर चुकून डावा. एका वर्षी त्याचा रंग थोडा उजळ करायचा ठरला तेव्हा चार माणसं आठवडाभर मान मोडून बसली आणि तरीही दोन खोकी जुन्याच रंगात छापून आली. त्यानंतर त्यानं सगळं उसवून नव्यानं बांधलं. हात फक्त एका फाईलमध्ये. बाकीच्या एकशे अठरा फायलींमध्ये हात नाहीच, नुसती त्या एका फाईलकडे बघणारी लिंक. मूळ बदललं की सगळीकडे बदलणार. अशा मूळ फायलींची नावंही त्यानंच ठेवली होती. पान-मूळ, थेंब-मूळ, सावली-मूळ, हात-मूळ. त्यावरून ऑफिसात त्याचं नाव मूळपुरुष पडलं. "मूळपुरुष, माझं पान गळालं," म्हणत कुणीतरी टेबलापाशी यायचं आणि तो खुर्ची न वळवता म्हणायचा, "लिंक तुटली असेल. जोड परत." हे त्याला आवडायचं. आपण केलेली एक गोष्ट इतक्या ठिकाणी न बोलता नीट चाललेली आहे, हे मनात असलं की दिवस सरळ जायचा.

हा हात माझ्या बायकोचा आहे, हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पण ते बोलून पुढे काय? हेड म्हणाली असती, "अय्या, खरंच?" आणि तिनं पुन्हा स्क्रीनकडे बघितलं असतं, जरा वाकून, आणि मग तिला तो हात आणखीच जुना वाटला असता. ज्यांना माहीत होतं ती माणसं केव्हाच नोकऱ्या सोडून गेली होती. "करतो," तो म्हणाला, आणि ती गेल्यावर खिशातला रुमाल काढून काच पुसत बसला.

बारा वर्षांपूर्वी ज्या बाईच्या हाताचा फोटो घ्यायचा होता ती आलीच नाही आणि फोटो दुसऱ्या दिवशी हवा होता. त्यानं ऑफिसचा कॅमेरा घरी आणला. रविवार होता. तिसऱ्या मजल्यावरची ती भाड्याची खोली, दक्षिणेची खिडकी, इस्त्रीच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर साबणाची वडी. बायको तेव्हा तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायची. कापडाचे आठ-आठ थर एकावर एक ठेवून, खडूच्या रेघेवरून लांब पात्याची कात्री चालवायची. "माझा हात?" ती हसली होती. "नखांत धागे अडकलेत बघ." धागे त्यानं चिमट्यानं काढले. प्रकाश त्याला अजून लख्ख आठवत होता, बोटांच्या पेरांवरून घरंगळत तळव्यात साठणारा. शेवटी एक फोटो जमला तेव्हा झालेला आनंदही आठवत होता. मधलं फारसं काही आठवत नव्हतं. कामात असताना त्याला काहीच आठवणीत ठेवता येत नसे. काम संपलं की हातात फक्त काम उरायचं. पहिलं छापील खोकं त्यानं घरी आणलं ते तिनं फोडू दिलं नाही. साबण संपला होता, तरी दोन दिवस ती पावडरीनं हात धूत राहिली.

पुढे दुकानात गेली की ती फळीवरची खोकी फिरवून ठेवायची, हात पुढे येईल अशी. तो मागे ढकलगाडी धरून उभा असायचा आणि लाजायचा. एकदा तिनं दुकानातल्या बाईला सांगितलंही, "हा माझा हात आहे." तोवर मधे बरीच वर्षं गेली होती, संधिवात म्हणून निदान होऊनही दोन-तीन वर्षं झाली होती, बोटं करंगळीच्या बाजूला कलायला लागली होती, सांध्यांवर गाठी आल्या होत्या. त्या बाईनं खोक्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे, आणि "हो का," म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. घरी येताना पिशवी बायकोनं कोपरात अडकवली होती. त्यानंतर तिनं खोकी फिरवली नाहीत. हाताबद्दल ती हल्ली तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची. "आज हा रुसलाय," सकाळी म्हणायची, किंवा, "याचं अकरापर्यंत काही खरं नाही." तोही हसायचा. दोघं त्या तिसऱ्याबद्दल हसत असताना सगळं ठीक आहे असं वाटायचं.

गुरुवारी सांगितलेलं काम त्यानं सोमवारपर्यंत लांबवलं. नव्या हाताचा फोटो शुक्रवारीच येऊन पडला होता. कुण्या अनोळखी मुलीचा हात, गुळगुळीत, जरा मांसल, नखं बदामी. त्याच्या कडा कापून घ्यायच्या होत्या, बोटाच्या भोवतीनं एक-एक बिंदू ठेवत जायचं. हे काम तो डोळे मिटूनही करू शकला असता. पण अंगठ्याच्या खाली, जिथे तळवा फुगीर होतो त्या वळणावर येऊन तो थांबला, कारण आपण हे तितक्याच निगुतीनं करतोय हे त्याच्या लक्षात आलं. निदान थोडं वाईट तरी जमावं, असं त्याला वाटलं. वाईट जमेना. जुनी फाईल त्यानं 'हात-मूळ-जुना' अशा नावानं बाजूला ठेवली, नव्या हाताला जुनं नाव दिलं आणि सेव्ह केलं. मग एकशे अठरा नावांच्या यादीत एकेका नावापुढे पिवळा त्रिकोण उगवत गेला. मूळ बदललंय, नवं घ्यायचं का, असं प्रत्येक फाईल विचारत होती. सगळ्यांना एकदम हो म्हणायची सोय होती. तो हो म्हणाला. चहा आणायला गेला आणि परत आला तेव्हा सगळीकडे त्या मुलीचा हात होता. चार ठिकाणी अंगठा बाटलीत घुसत होता, तेवढा सरकवला. 'हात-मूळ-जुना'कडे आता कुठलीच फाईल बघत नव्हती.

घरी त्यानं सांगितलं नाही. आज नको, तिला बरं नाही. उद्या नको, तिला बरं वाटतंय. बुधवारी तो तिला मेणाच्या उपचाराला घेऊन गेला. कोमट वितळलेल्या मेणात ती हात बुडवायची, बाहेर काढायची, पुन्हा बुडवायची, सात-आठ वेळा. मग हातावर पांढरा जाड थर चढायचा आणि तो टॉवेलात गुंडाळून ती वीस मिनिटं बसायची. उपचार करणारा माणूस गप्पिष्ट होता. "ताई, हातमोजा बसला का नीट? माप बदलायचं असेल तर सांगा," तो दर वेळी म्हणायचा आणि ती दर वेळी हसायची. मेण सोलून काढल्यावर आतून हात निघाला, लालसर, ओलसर, वाकडा. तो स्वतः भिंतीकडच्या बाकावर बसून बघत होता. तो हात त्यानं रोज बघितलेला होता, तरी या वेळी नजर तिथे ठरेना. जणू आपण आत्ताच कुठूनतरी येऊन बसलोय आणि अंगाला दुसऱ्या घराचा वास येतोय.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"कुठे काय?"

"कपाळाला आठ्या आहेत."

"ऑफिसचं आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि मग उपचारवाल्याला, "आमच्याकडे ऑफिसचं असलं की पुढे विचारायचं नसतं." तो माणूस मोठ्यानं हसला. त्यानंही हसल्यासारखं केलं.

शुक्रवारी सकाळी हेड पुन्हा आली. या वेळी बोट टेकवलं नाही, पेनानं दाखवलं. "सावली बघा. नवी करंगळी इथे संपते आणि सावली पुढे गेलीय. ही जुन्याच हाताची सावली आहे ना?"

होती. सावलीची मूळ फाईल वेगळी होती, ती बदलायची राहून गेली होती. पाच दिवस एकशे अठरा खोक्यांवर त्या मुलीच्या हाताखाली त्याच्या बायकोची सावली पडलेली होती, आणि ते त्याला दिसलं नव्हतं. "करतो," तो म्हणाला. नवा फोटो काढताना सगळीकडून दिवे लावलेले होते, त्यात सावलीच नव्हती. ती हातानं करायला हवी होती. खिडकीतून आलेला प्रकाश खऱ्या कापडावर कसा विझत जातो ते बघायला त्यानं खणातली जुनी डिस्क काढली. मूळ फोटो तिच्यात होता, न कापलेला.

त्यानं तो उघडला. चादर, टेबलाचा कोपरा, खिडकीच्या गजाची तिरपी रेघ, मधोमध हात आणि त्यावर साबणाची वडी. आणि मनगटाच्या खाली दुसरा हात. तिचाच, डावा. चार बोटं खालून दाबलेली, अंगठा वरून आवळलेला, पेरं पांढरी पडलेली. तो बघत राहिला. हे फोटोत होतं हे त्याला ठाऊक होतं, नसणार कसं? त्यानंच ती बोटं काढली होती. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागली होती त्याला. आठपट मोठं करून एकेका बोटाच्या कडेनं तो गेला होता, नखं जिथे कातडीत रुतली होती तिथे खळगे पडले होते ते भरले होते, आणि बोटांखालची जागा झाकायला कोपराजवळची कातडी उचलून आणून जोडली होती. कुणालाही सांधा सापडला नव्हता, म्हणून तेव्हा अभिमानही वाटला होता. इतका वेळ, इतक्या जवळून त्यानं ती बोटं बघितली आणि ही इथे का आहेत हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नव्हता.

डिस्कवर त्या दिवसाचे सगळेच फोटो होते, त्रेसष्ट. त्यानं ते पहिल्यापासून बघायला घेतले. प्रत्येकाखाली वेळ होती. दहा वाजून दहा मिनिटांनी उजवा हात एकटा आहे, सैल, जरासा थट्टेखोर. अकराला अंगठा आत वळलाय. विसाव्या-बाविसाव्या फोटोत डावा हात चौकटीच्या कडेला दिसतो, येऊ की नको असा. मग तो येतो आणि जात नाही. एकेचाळिसाव्या फोटोत उजवा हात फिसकटलाय. त्याला आठवलं, तेव्हा आपला कॅमेरा हलला असं वाटून त्यानं स्वतःवरच चडफड केली होती. टेबल, चादर, खिडकीचा गज सगळं स्पष्ट होतं. फिसकटला होता फक्त हात. बारा पंचविसाला शेवटचा फोटो. तोच निवडला होता.

सावली तशीच टाकून तो उठला. पोट बिघडलंय असं हेडला सांगितलं. बसमध्ये बसायला जागा होती तरी तो दांडी धरून उभा राहिला. लोकांचे हात बघत होता, दांडीवरचे, फोनवरचे, मांडीवर पडलेले. कुणाचे दुखत असतील ते नुसतं बघून कळत नव्हतं.

ती टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसली होती. पान उलटायला ती तळव्याची कड वापरायची. "लवकर आलास?" तिनं मान वर न करता विचारलं.

"खोक्यांवरचा हात बदलला," तो दारातच म्हणाला. "आता दुसऱ्या कुणाचातरी आहे. मीच बदलला."

"कधी?"

"सोमवारी."

"आणि आज शुक्रवार." तिनं पान उलटलं. "म्हणून तोंड पाडून फिरत होतास होय. मला वाटलं नोकरी गेली."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतंय ना. नोकरी गेली नाही म्हणून बरं वाटतंय." मग तिनं वर बघितलं. "आणि त्याचं म्हणशील तर, कधीतरी होणारच होतं. बूट काढ की."

बूट न काढता तो तिच्यासमोर खुर्चीवर बसला. "आज जुने फोटो बघितले. सगळे. तू डाव्या हातानं मनगट धरलं होतंस."

तिनं वर्तमानपत्राची दुमडलेली कड तळव्यानं सपाट केली.

"तेव्हाच दुखत होतं?"

"त्याच्याही आधीपासून. कारखान्यात कात्री सुटायची हातातून. वर्ष झालं असेल तेव्हा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं." तिचा आवाज चढला नाही. "त्याच दिवशी दोनदा सांगितलं. एकदा तू म्हणालास, अजून पाचच मिनिटं. दुसऱ्यांदा काहीच म्हणाला नाहीस. ऐकूच गेलं नसेल. तू त्या कॅमेऱ्यात डोकं घालून होतास."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. तिचा आवाज कुठे सापडेना. प्रकाश तेवढा सापडत होता.

"डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तरी सांगायचंस," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की हे बोलायला नको होतं.

"डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय. मी तोंड उघडायच्या आत तू सांगितलंस, सहा महिने." ती वर्तमानपत्राची घडी घालू लागली. घडी वाकडी पडली, तिनं पुन्हा उलगडली. "इतक्या खात्रीनं सांगितलंस की मलाच वाटलं, असेल. त्या खोलीत तरी तसं वाटलं. बाहेर आल्यावर म्हटलं, आता पुन्हा आत जाऊन काय सांगायचं, की माझा नवरा चुकला? मग तेच चालत राहिलं. नवा डॉक्टर आला की मागचा कागद बघतो आणि उतरवून घेतो, निदानाआधी किती दिवस दुखत होतं ते. सहा महिने. मला कुणी विचारतच नाही, कागदावर आहे ना."

"लवकर गेलो असतो तर कदाचित..."

"ते मला माहीत नाही. मी त्याचा विचार करत नाही आणि तूही माझ्यासमोर करू नकोस. ते मला झेपणार नाही."

"रागावलीस?"

"हो," ती म्हणाली. घडी दाबून बसवत पुढे म्हणाली, "किती वर्षं झाली, रोज नसते रागावलेली. पण आहे." आणि उठताना टेबलाच्या कडेवर कोपर टेकवत म्हणाली, "मंगळवारी डॉक्टरांची तारीख आहे. मी एकटी जाणार."

मधल्या दिवसांत ती दोघं नेहमीसारखी जेवली, झोपली, बाजारात गेली. सोमवारी त्यानं नवी सावली केली, करंगळी जिथे संपते तिथेच संपणारी, आणि हेड म्हणाली, "परफेक्ट." मंगळवारी त्यानं रजा टाकली, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती खांद्याला झोळी अडकवून निघाली. कागद तिनं आदल्या संध्याकाळीच काढून लावून ठेवले होते. तो खिडकीशी उभा राहिला. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होती. ती गेल्यावर त्यानं भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली. डॉक्टर विचारतील, ती सांगेल, मधे कुणी बोलणार नाही, ती खोली कशी असेल ते त्याला डोळ्यांपुढे आणता येईना. त्या खोलीत तो स्वतः नेहमी इतका बसलेला असायचा.

दीड वाजता ती आली. थकली होती, गाल लाल झाले होते. "गोळ्या त्याच," तिनं चपला काढत सांगितलं. "खरं कधीपासून दुखतंय ते सांगितलं, तर काही बदलणार नाही म्हणाल्या डॉक्टरबाई. इतक्या वर्षांनी त्यानं काय फरक पडतो म्हणाल्या."

"मग?"

"मी म्हटलं, माझ्यासाठी पडतो. दुरुस्त करा. त्या म्हणाल्या कॉम्प्युटरवर करते. केलं. मग मी झोळीतनं हे सगळे कागद काढले. म्हटलं, यांच्यावरपण करा, एकेकावर. बाहेर पाच जण खोळंबले होते."

"मग?"

"मग काय, खोळंबले." ती पहिल्यांदा हसली, पण त्याच्याकडे बघून नाही. "मला जरा पडू दे. झोप लागली तर उठवू नकोस."

ती आत गेली. झोळी खुर्चीवर होती. विचारावं असं त्याच्या मनात आलं, म्हणून तो आतल्या दाराशी गेला. "बघू का कागद?"

"बघ," आतून आवाज आला.

अकरा कागद होते. पहिला नऊ वर्षांपूर्वीचा, कडा पिवळ्या पडलेला. 'सहा महिने'वर निळ्या शाईची रेघ होती आणि वर डॉक्टरबाईंच्या घाईच्या अक्षरात 'चार वर्षे', बाजूला सही. खोडलेलं अजून वाचता येत होतं. दुसऱ्यावर तसंच, तिसऱ्यावर तसंच. तो खुर्चीवर बसून एकेक कागद उचलत होता, वाचत होता, पालथा ठेवत होता. पुढे पुढे सही लहान होत गेली होती, नवव्या-दहाव्या कागदावर तर नुसता एक फराटा. अकराव्यावर डॉक्टरबाईंनी कंटाळून रेघ तेवढी मारली होती. वरचे दोन शब्द वेगळ्या अक्षरात होते, मोठे, फाकलेले, ओळ सोडून वर चढलेले, मधे एकदा पेन घसरून पुन्हा धरल्याचा डाग. कित्येक वर्षांत तिनं काही लिहिलेलं त्यानं बघितलं नव्हतं. कागद डोळ्यांजवळ नेऊन तो ते दोन शब्द वाचत बसला.